धुक्यातली तुटक रेषा

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. वस्तूची जी कड समोरून दिसत नाही, तीही कागदावर दाखवायची. फक्त सलग रेषेनं नाही, तुटक रेषेनं. पंपाच्या पोटात भोक असेल, आत पायरी असेल, पाठीमागं खाच असेल, तर सगळं बारीक तुटक रेघांनी आलं पाहिजे. कारण तो कागद खाली वर्कशॉपमध्ये जातो, तिथला माणूस त्यावर बघून लोखंड कापतो, आणि ड्राफ्ट्समननं जे दाखवलं नाही ते त्याच्या लेखी नसतंच.

कुकटपल्लीच्या कारखान्यात मी हेच काम करत होतो. माझी तुटक रेषा बघायला दुसऱ्या विभागातली माणसं यायची. प्रत्येक तुकडा सारखा, प्रत्येक फट सारखी, आणि मोजपट्टीला हात न लावता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खोटी नाही.

घरीही माझा खाक्या तोच. जे दिसत नाही ते मला चालायचं नाही. आमची मूळची शेती मराठवाड्यात, ती थोरला भाऊ बघायचा. वडील निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि कारकून झाले, मी डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन झालो, तेव्हा मुलगी इंजिनीयर होणार हे उघडच होतं. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या दहावीची, इंटरची, कॉलेजची आणि नोकरीची रेघ मी मनात ओढून ठेवली होती. तुटकच, पण पक्क्या शाईत.

इंजिनीयरिंगच्या प्रवेश परीक्षेत तिची रँक आली ती सांगण्यासारखी नव्हती. मग विद्यानगरच्या घरून बसनं दिलसुखनगर, तिथं कोचिंगची वर्षभराची बॅच, पहाटे जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. सहा महिने ती गेली. मग एका दिवशी जेवताना ताटाकडं बघत म्हणाली, "बाबा, मला हे नक्को. मला फाइन आर्ट्सला जायचंय."

"चित्रं काढून पोट भरतं का?" मी विचारलं.

"तुमचं भरलं की," ती म्हणाली.

बायकोनं हसू दाबायला वाटी उचलून तोंडाला लावली. वाटीत काही नव्हतं. मी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

हा विषय घरात असा लोंबकळत असतानाच कारखान्यातल्या जपानी साहेबांची परत जायची वेळ आली. परदेशी कंपन्यांना दारं उघडली गेली त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या मालकांनी एका जपानी कंपनीशी करार केला होता, आणि तिथून हे इंजिनीयर वर्षभरासाठी आले होते. माझ्याहून थोडे मोठे, बोलणं कमी. माझ्या ड्रॉइंग बोर्डाशी येऊन उभे राहायचे आणि बघत बसायचे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळं आमचं छान जमलं. केसाएवढी चूक असली तरी शीट परत करायचे. माझी त्यांनी कधी परत केली नाही. उलट एकदा माझ्या रेषेवर खूष होऊन त्यांनी मला शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, एक कुंचला आणि पातळ कागदांची गुंडाळी दिली. मी ती कपाटात नीट ठेवून दिली, म्हणजे विसरलो.

येताना त्यांनी एक कॅलेंडर आणलं होतं. ते वर्षभर कारखान्यातल्या आमच्या ड्रॉइंग हॉलच्या खांबावर लटकत होतं. प्रत्येक पानावर काळ्या शाईतला एक डोंगर. वर शिखर, खाली एखादी झोपडी, वाकडं झाड, आणि मध्ये काहीच नाही. कोरा कागद. डोंगराची कंबरच गायब. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "हे अर्धंच सोडलंय."

"धुकं आहे," ते म्हणाले.

"कुठं काढलंय?"

"काढलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणून धुकं."

मला ते पटलं नव्हतं. तरी निरोपाला काय द्यायचं याची चर्चा निघाली, कोणी मोत्यांची माळ म्हणालं, कोणी चारमिनारचं मॉडेल, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी त्यांच्यासारखं डोंगराचं चित्र काढून देतो. धुक्यासकट." अख्ख्या हॉलनं माझ्याकडं बघितलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पंप काढणाऱ्याला डोंगर जड आहे का?

डोंगर आमच्या ओळखीचाच घेतला. कारखान्याच्या मागं धोंड्यांवर धोंडे रचलेला एक डोंगर होता, आपल्या हैदराबादेत असतात तसा, हात लावला तर पडेल असं वाटणारा आणि कधीच न पडणारा. एका बाजूनं दगड फोडणारे त्याला खात होते, कारण खाली कॉलनीचे प्लॉट पडत होते. जेवणाच्या सुट्टीत मी वर्षानुवर्षं त्याच्याकडं तोंड करून डबा खाल्ला होता.

रविवारी बायकोनं शाई उगाळून दिली. देवासाठी सहाणेवर चंदन उगाळायचा तिचा हात, त्यामुळं शाई अशी दाट आणि गुळगुळीत उतरली की मीच बघत राहिलो. शिखर काढलं. पायथा काढला, त्यावर एक झाड काढलं. मधला भाग कोरा ठेवला आणि लांबून बघितलं. छान दिसत होतं. पण मला बसवेना. मागं एवढा डोंगर आहे, त्याच्या भेगा मला पाठ आहेत, आणि कागदावर तो नाही! बघणाऱ्याला कळणार कसं? मी परत खाली बसलो आणि कुंचल्याच्या टोकानं, एकेक फट सारखी ठेवत, डोंगराची झाकलेली सगळी कड तुटक रेषेनं काढून टाकली. तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं.

मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. "बाबा, हे काय?"

"हिडन लाइन."

"हौ, पण कायकू?"

"मागं डोंगर आहे, ते दाखवायला नको? नाही दाखवलं तर समोरचा चुकीचा बनवेल."

ती चित्राकडं बघत राहिली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "पण बाबा, तो डोंगर बनवणार कोण आहे?"

मी कुंचला धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी चित्र हॉलमध्ये नेलं. माझ्या शेजारच्या बोर्डावर नकाशांच्या शाईत नकला उतरवणारे एक जुने हैदराबादी ट्रेसर बसायचे, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "क्या मियाँ, पहाड़ का ऑपरेशन हुआ क्या? टाँके दिख रहे." मग काय, दिवसभर जो येईल तो डोंगराची तब्येत विचारून जाऊ लागला. संध्याकाळी घरी आल्या आल्या मी अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाई आम्ही ब्लेडनं अलगद खरवडतो, खाली डागही राहत नाही. पण हा कागद शाई पिऊन बसलेला. पहिल्याच रेघेला भोक पडलं. तिथंच हात आवरला, चित्र गुंडाळलं आणि कपाटामागं ढकलून दिलं.

चार दिवसांनी कामावरून परत आलो तर पलंगावर एक चित्र वाळत होतं. ते चारही दिवस कोचिंगला दांडी मारून मुलीनं काढलेलं, आणि आईच्या संगनमतानं, कारण शाई पुन्हा तशीच दाट उतरलेली. तिनं आधी कागद ओला करून घेतला होता. एका कोपऱ्यात शिखराचं टोक, खाली दोन धोंडे, बाकी सगळं पांढरं आणि कुठं करड्या पाण्याचा ओघळ. मी बूट न काढता तिथं उभा राहिलो. मला राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्हीतलं आधी कोणतं आलं ते खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की ते चित्र मला काढता आलं नसतं.

"हेच देऊ साहेबांना," मी म्हणालो.

"आणि माझं काय?" तिनं विचारलं. "कॉलेजचं?"

मी माझ्या मते अगदी न्यायाची गोष्ट बोललो. "साहेब कोणाला खोटं चांगलं म्हणत नाहीत. ते परवा जेवायला येणार आहेत. त्यांनी चांगलं म्हटलं तर तुझं ऐकतो. नाही म्हटलं तर मुकाट्यानं दिलसुखनगर."

"कबूल," ती म्हणाली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय बोलायलात तुम्ही? पोरीचं आयुष्य त्या परक्या माणसाच्या तोंडावर टाकायलात?"

"पैज दोघांनी लावलीय," मी म्हणालो. मला वाटत होतं, काहीही झालं तरी मी मोकळा. चांगलं म्हटलं तर एवढ्या मोठ्या माणसानं म्हटलं, आणि नाही म्हटलं तर माझी रेघ सरळ.

साहेब आले. चटईवर आमच्यापेक्षा सहज मांडी घालून बसले, वरण-भात दोनदा घेतला, ठेच्याचा एक कण जिभेवर ठेवून तांब्याभर पाणी प्याले. जेवणं झाली. मुलीनं चित्र आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. ते बघत राहिले. माझ्या शीटकडं बघायचे तसंच. मग पांढऱ्या भागावर बोट ठेवून त्यांनी तिला विचारलं, "इथं धुकं आहे, की इथं डोंगर काढता आला नाही?"

तिला सहज म्हणता आलं असतं, धुकं आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं असतं आणि चहा पिऊन गेले असते. ती म्हणाली, "काढता आला नाही."

साहेबांनी आडवी मान हलवली. रागानं नाही, पण हलवली. पैज मी जिंकलो होतो, आणि साहेबांनी आणखी काहीतरी बोलावं म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

मग ती आत गेली, कपाटामागून माझी गुंडाळी ओढून आणली आणि त्यांच्यापुढं पसरली. "बाबांचं पण बघा." मी डोळ्यांनी तिला दटावलं, पण उशीर झाला होता. साहेब चित्रावर वाकले, आणि वर्षभरात ज्यांचे दात मी बघितले नव्हते ते गृहस्थ मोठ्यानं हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मला वाटलं, आता टाके म्हणतात की काय. पण हसू ओसरल्यावर त्यांनी तुटक रेषेवरून सावकाश बोट फिरवलं, ब्लेडनं पडलेल्या भोकापर्यंत आणि त्याच्या पलीकडं. "इथं डोंगर आहे," ते म्हणाले. "सगळा आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मग? मी तेच म्हणत होतो," मी म्हणालो.

"हे मी नेतो. आमच्याकडं असं कोणी काढलं नसेल." मग मुलीचं चित्र उचलून दोन्ही हातांनी तिला परत दिलं. "हे इथं राहू द्या. हिचं काम अजून चालू आहे."

ते गेले. चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही, असं मुलगी म्हणू शकली असती. मी तिच्या जागी असतो तर नक्की म्हणालो असतो आणि भांडून पैज बरोबरीत सोडवली असती. तिनं तसं काही केलं नाही. कोपऱ्यातली कोचिंगची बॅग काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि वह्या भरायला लागली. "हरले मी. उद्यापासून जाते."

मला बोलून दाखवायची होती अशी पुष्कळ वाक्यं मी तयार ठेवली होती. शिस्तीचं, कष्टाचं, स्थिर नोकरीचं. त्याऐवजी मी तिचे हात बघत बसलो. ती रडली असती तरी बरं वाटलं असतं. ती वह्यांचे कोपरे जुळवत होती, मी ट्रेसिंगचे जुळवतो तसे.

सकाळी ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मी स्कूटर काढली. "बस मागं. आधी एका ठिकाणी जाऊ."

थंडीचे दिवस होते. कुकटपल्लीला पोचेपर्यंत माझे कान बधिर झाले. कारखाना उघडायला वेळ होता. मागच्या तलावावरून धुकं उठलं होतं आणि डोंगराच्या मधोमध येऊन बसलं होतं. वर दोन धोंडे एकमेकांना टेकलेले दिसत होते. खाली दगड फोडणाऱ्यांची एक झोपडी आणि बाभूळ. मध्ये काही नाही. हुबेहूब खांबावरच्या कॅलेंडरसारखं. वर्षानुवर्षं मी या डोंगरासमोर बसलो, पण भर दुपारी, डबा खाताना. हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी बोट दाखवून सांगायला लागलो. "त्या टेकलेल्या धोंड्यांच्या खाली एक उभी भेग आहे, ती डावीकडं वळते. तिथं एक बोराटीचं झुडूप. त्याच्या खाली मोठा सपाट दगड, त्यावर शेळ्या बसतात. मग ओघळ, पावसात त्यातून पाणी येतं आणि या झोपडीच्या मागं उतरतं."

ती धुक्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती. "तुम्हाला दिसायलंय?"

"दिसत नाही. माहीत आहे."

"परत सांगा," ती म्हणाली. "भेगेपासून."

मी परत सांगितलं. तिनं बॅगेतून केमिस्ट्रीची वही काढली आणि मागच्या पानावर काढायला लागली. भेग, झुडूप, सपाट दगड. चुकली की मी थांबवायचो, ती खोडायची. आम्ही दोघं स्कूटरला टेकून उभे होतो, हात गारठले होते, आणि तिच्या जन्मापासून आजवर आम्ही दोघांनी मिळून एकही काम केलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ऊन वर आलं तसं धुकं विरलं. भेग जिथं मी सांगितली होती तिथंच होती. मी तिच्याकडं बघून भुवया उडवल्या. तीही हसली.

दिलसुखनगरची बस तोवर कधीच गेली होती.

"बॅग घरी ठेव आता," मी म्हणालो.

"पैज हरले ना मी?"

"मी जिंकलोय. काय घ्यायचं ते जिंकलेल्यानं ठरवायचं. दर रविवारी माझ्या घरच्या जुन्या बोर्डावर बसायचं. आधी डोंगर अख्खा काढायचा, पाठीमागचासुद्धा, मी तपासणार. मग तुला काय झाकायचं ते झाक, मी बोलणार नाही. आणि फाइन आर्ट्सची प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात पास व्हायची."

घरी जाताना मागून तिनं माझ्या कोटाची मूठभर घडी धरून ठेवली होती, लहानपणी धरायची तशी.

तो डोंगर आम्ही बरेच रविवार काढला. मी ट्रेसिंगवर सगळ्या भेगांसकट, सलग आणि तुटक रेषांत. ती माझ्या कागदावर साहेबांचा तो पातळ कागद ठेवायची, खालच्या रेघा डोळे भरून बघायची, मग माझा कागद काढून घ्यायची आणि ओल्या कोऱ्या कागदावर काय ठेवायचं ते ठरवायची. पुष्कळ फाडले. शेवटी एक जमलं. त्यातही मध्ये पांढरंच होतं, पण त्या पांढऱ्यात आता वजन होतं. मी त्यावर कुठंही बोट ठेवून सांगू शकलो असतो, इथं बोराटी आहे, इथं शेळ्या. तरी मी म्हणतो, माझी तुटक रेषा चुकीची नव्हती. फक्त ती खालच्या कागदावर राहायची होती.

ते चित्र आम्ही पुढच्या खोलीत लावलं. ती कॉलेजला जायला लागली, आणि त्याच सुमारास आमच्या हॉलमधले बोर्ड एकेक करून उचलले गेले आणि टेबलांवर कॉम्प्युटर आले. मी शिकायला पहिलं नाव दिलं. ते पुढं कसं झालं हा वेगळा विषय.

दिवाळीला थोरला भाऊ गावाकडून आला. पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि भिंतीकडं बराच वेळ बघून म्हणाला, "हे अर्धंच सोडलंय की रे."

"नाही दादा, पुरं आहे."

त्यानं नाक मुरडलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि पोरीचं? इंजिनीयरिंग सोडलं म्हणे. आता पुढं काय व्हायचं तिचं?"

एरवी मी त्याला दहा वर्षांचा नकाशा काढून दिला असता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. ती काकांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"अजून दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसत नाही, आणि तू असा निवांत बसलायस?"

"डोंगर आहे, दादा," मी म्हणालो. "मी बघितलाय."